आंबट मातीचें फळ

आपल्या ताटांत येणारीं बहुतेक धान्यें, भाज्या आणि फळें मनुष्यानें नेमकीं केव्हां व कोठें माणसाळविलीं हें कोणासहि सांगतां येत नाहीं. गहूं पहिल्यानें कोणी पेरला, आंब्याची कोय मुद्दाम खड्डा करून पहिल्यानें कोणी पुरली, हीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत. परंतु एक फळ असें आहे कीं त्याची रानांतून बागेंत येण्याची सारी वाट तारीखवार दाखवितां येते. तें कोणी शोधलें, कोणत्या झुडपावर शोधलें, शोधणाऱ्याला मजुरी काय मिळाली, एवढेंच नव्हे तर शोधणाऱ्याचें आडनांव कां टाकून द्यावें लागलें, हेंहि सांगतां येतें. तें फळ म्हणजे अमेरिकेंतील ब्लूबेरी. आणि ही सारी हकीकत अवघ्या शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीची आहे.

अलीकडे आपल्या शहरांतील फळांच्या दुकानांतून पारदर्शक डब्यांत भरलेलीं हीं निळसर, वर पिठूळ साय असलेलीं फळें दिसूं लागलीं आहेत. पाहणारास प्रथम करवंदाची आठवण होते. पण हें साम्य वरवरचें आहे. करवंद चिकाच्या झाडांच्या कुळांतलें. ब्लूबेरीचें कूळ तें, ज्यांत हिमालयाच्या उतारांवर लाल फुलांनीं डवरणारा बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, मोडतो. ह्या कुळाची एक चमत्कारिक खोड आहे. इतर झाडें ज्या जमिनीकडे पाठ फिरवितात तींतच हीं सुखानें नांदतात. आजच्या भाषणाचा विषय ही खोडच आहे. कारण ती ओळखतां न आल्यामुळें अमेरिकेंत कित्येक पिढ्यांचे प्रयत्न फुकट गेले.

हें फळ तेथील मूळ रहिवाशांना फार पूर्वीपासून परिचित होतें. सन १६१५ मध्यें फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शँप्लेन ह्यूरॉन सरोवराकडील प्रदेशांत गेला असतां तेथील लोक हीं फळें उन्हांत वाळवून हिंवाळ्याची बेगमी करीत असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. आपण मनुका ठेवतों तसाच हा प्रकार. पुढें युरोपांतून आलेले वसाहतवालेहि तीं वेंचूं लागले. पण वेंचणें निराळें आणि लावणें निराळें. रानांतलें चांगलें झुडूप उपटून परसांत आणावें, उत्तम खतावलेल्या वाफ्यांत लावावें, लेकरासारखें जपावें, आणि त्यानें दिवसेंदिवस पिवळें पडत जाऊन मरावें, असा अनुभव घरोघर येत असे. ब्लूबेरी ही रानटी जात आहे, ती माणसाच्या हाताखालीं राहणार नाहीं, असें सर्वांनीं धरून चाललें होतें.

दोष झाडाचा नव्हता. उत्तम मातीविषयींच्या समजुतीचा होता. युरोपियन शेतकऱ्यांना बापजाद्यांपासून शिकवण अशी कीं आंबट जमीन ही रोगट जमीन. तिच्यावर चुना फेंकावा, कुजलेलें शेणखत घालावें, म्हणजे ती ‘गोड’ होते. गहूं, द्विदल धान्यें, बहुतेक भाजीपाला ह्यांच्यापुरती ती शिकवण खरीहि आहे. म्हणूनच न्यू जर्सी प्रांताच्या दक्षिण भागांतील वाळूच्या, पाइन वृक्षांनीं भरलेल्या विस्तीर्ण प्रदेशाला वसाहतवाल्यांनीं ‘पाइन बॅरन्स’, म्हणजे पाइन वृक्षांचें वैराण, असें नांव देऊन टाकलें. तेथें त्यांचें पीक येईना, म्हणून जमीन वांझ! त्याच वांझ जमिनींत, दलदलीच्या कांठाकांठानें, ब्लूबेरीचीं झुडपें पुरुषभर उंच वाढत होतीं, हें डोळ्यांपुढें असूनहि कोणी त्याचा अर्थ लावला नाहीं.

तो अर्थ लावणाऱ्या गृहस्थांचें नांव फ्रेडरिक व्हर्नन कोव्हिल. त्यांचा जन्म १८६७ चा. हे संयुक्त संस्थानांच्या शेतकी खात्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तरुणपणीं, १८९०-९१ सालीं, कॅलिफोर्नियांतील डेथ व्हॅली ह्या भयंकर उष्ण व कोरड्या खोऱ्याच्या पाहणीवर ते गेले होते आणि तेथील वनस्पतींवर त्यांनीं मोठा ग्रंथहि लिहिला. वाळवंटापासून आरंभ करून दलदलींतल्या झुडपापाशीं येऊन पोंचणें हा प्रवास मोठा गमतीचा खरा. पण दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच होता. झाड जेथें जगतें तेथें तें कशाच्या बळावर जगतें?

न्यू हॅम्पशायरमधील ग्रीनफील्ड गांवीं कोव्हिल ह्यांचें उन्हाळ्यांत राहण्याचें घर होतें आणि भोंवतालच्या कुरणांत ब्लूबेरी मुबलक होती. १९०६ मध्यें त्यांनीं पद्धतशीर प्रयोगांस हात घातला. रीत अगदीं साधी. बियांपासून रोपें करावयाचीं आणि तीं निरनिराळ्या मातींच्या कुंड्यांत लावून पाहत बसावयाचें. एकींत बागेची सकस, भरपूर खतावलेली माती. दुसरींत पीट, म्हणजे दलदलीच्या जागीं शतकानुशतकें सांचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा तपकिरी थर. तिसरींत तेंच पीट, पण चुना मिसळलेलें. सकस मातींतलीं रोपें खुरटलीं. चुना घातलेल्या पीटमधलींहि रखडलीं. नुसत्या पीटमधलीं मात्र तरारून वाढलीं. रसायनांच्या साहाय्यानें प्रत्येक मातीची आम्लता मोजल्यावर उलगडा झाला. ब्लूबेरीला आंबट मातीच हवी असते. आणि आजवर लोक प्रेमानें जें घालीत आले होते तेंच तिचें विष होतें.

मातीचा आंबटपणा ज्या पी-एच् नांवाच्या मापानें आज आपण सांगतों तें माप डेन्मार्कमधील सोरेन्सन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९०९ मध्यें, म्हणजे हे प्रयोग चालूं असतांनाच, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत सुचविलें. ह्या मापांत सात म्हणजे ना आंबट ना अल्क. सातांच्या खालीं आंबट, वर अल्क. मात्र ह्यांतील एकेक पायरी दहापटींची आहे हें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. ब्लूबेरीला सुमारें साडेचार ते साडेपांच पी-एच्‌ची माती मानवते. साडेसातांची माती साडेचारांच्या मातीहून तीन पायऱ्या वर, म्हणजे आंबटपणांत हजारपट कमी. असें असतां ‘थोडा फरक आहे, झाड संवय करून घेईल’ असें म्हणणें म्हणजे माशाला वाळूवर ठेवून तो संवय करून घेईल असें म्हणण्यासारखेंच आहे.

कोव्हिल ह्यांचे आणखीहि कांहीं शोध बागकामाची आवड असणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. पालापाचोळ्याचें खत आंबट असतें अशी सर्वसाधारण समजूत होती. त्यांनीं दाखविलें कीं ओकचीं पानें अर्धवट कुजलेलीं असतात तोंवरच तीं आंबट असतात. पूर्ण कुजून त्यांची काळी मऊ माती झाली कीं आंबटपणा नाहींसा होतो. म्हणजे माळी ज्या खताला ‘तयार झालें’ म्हणतो तें ब्लूबेरीच्या दृष्टीनें फुकट गेलेलें असतें! ह्या झुडपाच्या मुळांना इतर झाडांच्या मुळांवर असते तशी बारीक लव नसते. त्याऐवजीं मुळांच्या आंत एक सूक्ष्म बुरशी वास करते, हेंहि त्यांनीं पाहिलें, आणि ती झाडाच्या उपयोगाची असावी असा तर्क केला. आंबट मातींत अडकून पडलेला नत्र ही बुरशी झाडाला मिळवून देते, हें पुढील संशोधनानें सिद्ध झालें आहे.

सर्वांत नवलाची गोष्ट थंडीची. ऊबदार कांचगृहांत सुखानें ठेवलेलीं रोपें वसंतांत फुटेनात. बाहेर बर्फांत कुडकुडलेलीं मात्र वेळेवर पालवलीं. कोव्हिल ह्यांनीं एक युक्ति केली. झाड कांचगृहांत ठेवून त्याची एक फांदी भिंतीतील भोंकांतून बाहेर काढली. वसंत आला तेव्हां थंडी सोसलेली ती बाहेरची फांदी हिरवी झाली आणि आंतलें सारें झाड निद्रिस्तच राहिलें. झाड एक, मुळें एक, पण एका फांदीला जाग आणि बाकीच्यांना झोंप! थंडी झाडाला केवळ सहन करावी लागते असें नसून ती त्याला हवीच असते, हें ह्या प्रयोगांतून दिसून आलें. त्यावरील त्यांचा निबंध १९२० मध्यें प्रसिद्ध झाला.

माती समजली, आतां झुडूप चांगलें पाहिजे. १९०८ च्या उन्हाळ्यांत ग्रीनफील्डच्या एका कुरणांत त्यांना असें एक झुडूप आढळलें कीं ज्याचीं फळें अर्ध्या इंचाहून मोठीं होतीं. कुरणाच्या मालकाच्या नांवावरून त्याला ‘ब्रुक्स’ हें नांव मिळालें. त्याच्याच फुलांचा पराग त्याच्याच फुलांवर घालून पाहिला, पण तो प्रयत्न फसला. एका झुडपाला दुसऱ्याचा पराग लागतो हा धडा त्यांतून मिळाला, आणि १९११ मध्यें दोन निवडक झुडपांचा पहिला यशस्वी संकर झाला. तत्पूर्वीं नोव्हेंबर १९१० मध्यें ‘ब्लूबेरीच्या लागवडीचे प्रयोग’ अशा अर्थाच्या मथळ्याची एक सरकारी पुस्तिका निघाली होती. सरकारी पुस्तिकांचें जें होतें तेंच तिचें व्हावयाचें, पण एक प्रत योग्य हातीं पडली.

ते हात कुमारी एलिझाबेथ कोलमन व्हाइट ह्यांचे. त्यांचा जन्म १८७१ चा, घराणें क्वेकर पंथाचें. पाइन बॅरन्समध्यें व्हाइट्सबॉग नांवाची त्यांच्या घरची मोठी जमीन होती आणि तींत क्रॅनबेरी ह्या तांबड्या आंबट फळाचें पीक निघे. वडील जोसेफ व्हाइट ह्यांनीं क्रॅनबेरीच्या लागवडीवर १८७० मध्येंच पुस्तक लिहिलें होतें. क्रॅनबेरीहि आंबट मातींतलीच; पण तिचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरांत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जमीन व माणसें दोन्ही रिकामीं. त्या रिकाम्या महिन्यांत येणारें दुसरें फळ ह्याच मातींत लावतां आलें तर, हा विचार बाईंच्या मनांत कित्येक दिवस घोळत होता. १९११ मध्यें ती पुस्तिका वाचतांच त्यांनीं शेतकी खात्याला कळविलें कीं जमीन आमची, मजूर आमचे, खर्चाचा वांटाहि आमचा; ज्ञान आपलें असूं द्या. कोव्हिल ह्यांनीं हें मान्य केलें, आणि पुढें पंचवीस वर्षें हें सहकार्य टिकलें.

आतां प्रश्न होता रानांतलीं उत्तमोत्तम झुडपें हुडकण्याचा. सरकारी शास्त्रज्ञाला हें जन्मांत साधलें नसतें. तें ज्ञान होतें रानांत राहणाऱ्या गरीब लोकांपाशीं. उन्हाळ्यांत फळें वेंचून विकणाऱ्या ह्या लोकांना कोणत्या ओढ्याच्या कांठीं कोणतें झुडूप मोठ्या फळाचें आहे हें पाठ होतें. बाईंनीं त्यांना ५/८ इंच, म्हणजे सुमारें १६ मिलिमीटर, व्यासाचें भोंक पाडलेली धातूची पट्टी, नमुन्यासाठीं बाटल्या आणि चिठ्ठ्या वांटल्या. त्या भोंकांतून न पडणारें फळ ज्या झुडपावर सांपडेल त्या झुडपाला एक ते तीन डॉलर, जागा दाखविण्यास लागलेल्या वेळेची मजुरी निराळी, आणि शिवाय झुडपाला शोधणाऱ्याचें नांव! सुमारें शंभर-सव्वाशें झुडपें अशीं गोळा झालीं. तीं खणून काढून, तुकडे करून व्हाइट्सबॉगला लावलीं आणि त्यांतलीं बहुतेक पुढें टाकाऊ ठरलीं.

नांवांची मात्र मौज झाली. एका शोधकाचें नांव होतें रूब लीक. लीक म्हणजे कांद्याच्या जातीची एक भाजी. त्या नांवाचें फळ घेतलें तर कांद्याचा वास येईल अशी शंका! नुसतें ‘रूब’ ठेवावें तर अमेरिकन बोलींत त्याचा अर्थ गांवढळ. शेवटीं नांवाला आडनांवाचें पहिलें अक्षर जोडून ‘रुबेल’ असें नांव बनविलें. दुसरे एक सॅम लेमन. फळाला लिंबाचें नांव कसें द्यावें, म्हणून ते नुसते ‘सॅम’ राहिले. ग्रोव्हर, हार्डिंग, ॲडॅम्स, डन्फी हीं इतर नांवेंहि अशाच माणसांचीं. मला हा भाग ह्या इतिहासांत सर्वांत मोलाचा वाटतो. आंबा शोधणारा अज्ञात आहे. पण हे रानांतले लोक झुडपाच्या नांवानें उरले.

आणि हें उरणें किती दुर्मिळ होतें तें पाहा. त्याच सुमारास, १९१३ मध्यें, ह्या पाइन बॅरन्सच्या रहिवाशांविषयीं एलिझाबेथ काइट ह्या बाईंचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. हे लोक आनुवंशिक मतिमंद व अनीतिमान आहेत असा त्याचा सूर होता. वंशशुद्धीच्या त्या काळच्या वेडाला तो साजेसाच होता. प्रांताच्या गव्हर्नरांपर्यंत तो गेला आणि ह्या लोकांना इतरांपासून वेगळें ठेवावें अशी भाषा निघाली. ज्यांच्या डोक्यांत अर्ध्या प्रांताच्या झुडपांची नोंद होती त्यांना मंदबुद्धि म्हणणारें हें शास्त्र! कुमारी व्हाइट ह्यांनीं आपल्या शेजाऱ्यांची बाजू घेतली, हें त्यांना भूषणावह आहे.

परंतु ह्याच बाईंच्या चरित्रांत दुसरें एक पान आहे, आणि तें वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सप्टेंबर १९१० मध्यें, म्हणजे ती पुस्तिका निघण्याच्या अवघे दोन महिने आधीं, लुइस हाइन हे छायाचित्रकार राष्ट्रीय बालमजूर समितीच्या वतीनें व्हाइट्सबॉगला आले. फिलाडेल्फियांतून आणलेल्या इटालियन कुटुंबांतलीं लहान लहान मुलें शाळेच्या दिवसांत क्रॅनबेरी वेंचीत आहेत, भरलेल्या पेट्या वाहत आहेत, अशीं त्यांचीं चित्रें आजहि पाहावयास मिळतात. समितीनें टीका केली. मळेवाल्यांच्या वतीनें बाईंनीं जाहीरपणें उत्तरें दिलीं. आरोप अतिशयोक्त आहेत, कुटुंबें मोकळ्या हवेंत आनंदानें येतात, असा त्यांचा रोंख होता. त्यांचा हेतु वाईट होता असें मला वाटत नाहीं. तथापि चित्रांतल्या त्या मुलांचे चेहरे कोणत्याहि युक्तिवादानें पुसले जात नाहींत. ज्या बाईंना झुडूप दाखविणाऱ्या माणसाचें नांव टिकवावेंसें वाटलें त्यांना पेटी वाहणाऱ्या पोराच्या पाठीचा भार दिसूं नये, हें मनुष्यस्वभावाचें एक कोडें आहे.

व्हाइट्सबॉगहून लागवडीच्या ब्लूबेरीचें पहिलें पीक १९१६ मध्यें बाजारांत गेलें. १९२० मध्यें संकरानें तयार केलेल्या पायोनियर, कॅबट व कॅथरिन ह्या पहिल्या जाती लागवडीसाठीं बाहेर पडल्या. १९२७ मध्यें न्यू जर्सींतील मळेवाल्यांचा सहकारी संघ निघाला. त्यांतहि बाईंचा पुढाकार होता. कोव्हिल १९३७ च्या जानेवारींत वारले, तोंवर त्यांनीं हजारों रोपें फळावर आणून पारखलीं होतीं. त्यांचें काम जॉर्ज डॅरो ह्यांनीं पुढें नेलें, आणि १९५२ मध्यें निघालेली ब्लूक्रॉप ही जात जगभर पसरली. कुमारी व्हाइट १९५४ मध्यें निवर्तल्या. व्हाइट्सबॉगचें खेडें आज सरकारी वनांत ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केलें आहे.

थंडीची अट मात्र उष्ण देशांना आडवी येत होती. ती फ्लॉरिडा विद्यापीठांतील संशोधकांनीं सैल केली. त्यांनीं तेथल्या एका सदाहरित रानटी जातीशीं उत्तरेकडील जातींचा संकर केला. राल्फ शार्प ह्यांच्या परिश्रमाची शार्पब्लू ही जात १९७६ मध्यें आली. थोड्या थंडींत भागविणाऱ्या ह्या जातींमुळें पेरूसारख्या देशानें किनाऱ्यावरच्या रेताड जमिनींत, ठिबक नळ्यांतून आंबट केलेलें पाणी देऊन, मोठमोठे मळे उठविले, आणि ताज्या ब्लूबेरीच्या निर्यातींत तो आघाडीवर आला.

आपल्याकडे हें झुडूप लावूं पाहणारांस हा इतिहास उपयोगीं पडेल. दख्खनची काळी जमीन चुनखडीची. तिचा पी-एच् बहुधा साडेसात ते साडेआठ. अशा मातींत लोह असूनहि तें विरघळत नाहीं. मग पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आंबटपणासाठीं गंधकाची भुकटी घालतात. मातींतले जंतु हळूहळू तिचें आम्ल करतात, त्याला महिने लागतात. पण चुनखडीच्या जमिनींत तें आम्ल चुनाच खाऊन टाकतो, आणि गंधक वर्षानुवर्षें घातलें तरी फारसा उपयोग होत नाहीं. कोंकणांतली व महाबळेश्वराकडची जांभ्याची माती पावसानें धुऊन आंबट झालेली असते. चहाचे मळे आसामांत व निलगिरींत आहेत तेहि अशाच आंबट मातींत. शहरांतल्या गच्चीवर मोठी कुंडी हाच खरा मार्ग. तींत बागेची माती मुळींच नको. पीट, पाइनच्या सालीचा चुरा, थोडी जाड वाळू. पाणी झिरपून जाईल अशीं भोंकें हवींत, कारण दलदलीच्या कांठचें असलें तरी ह्या झुडपाचीं मुळें सांचल्या पाण्यांत कुजतात. राख, चुना, हाडांचा चुरा कटाक्षानें टाळावा. खत द्यावयाचें तर अमोनियम सल्फेट, तेंहि अगदीं चिमूटभर. जात कमी थंडीची निवडावी, आणि एक न लावतां दोन निराळ्या जातींचीं दोन झुडपें शेजारीं ठेवावींत. नळाचें वा विहिरीचें पाणी जड असेल तर त्यांतला चुना कुंडींत सांचत जाऊन दोन-तीन वर्षांत सगळी मेहनत उलटवितो. म्हणून पावसाचें पाणी हंड्या-पिंपांत धरून ठेवावें. लिंबू पिळण्याचा किंवा कॉफीचा चोथा घालण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. लिंबाचें आम्ल मातींत टिकत नाहीं, आणि वापरलेल्या चोथ्यांत आंबटपणा फारसा उरलेला नसतो. पी-एच् पाहण्याच्या कागदाच्या पट्ट्या मिळतात. त्यांवर महिना दोन महिन्यांनीं नजर ठेवणें अधिक बरें. रूब लीकनें दाखविलेल्या त्या झुडपापासून निघालेली रुबेल ही जात अमेरिकेंतील रोपवाटिकांतून आजहि विकत मिळते. तिला मात्र लांब हिंवाळा लागतो. तेव्हां पुण्या-मुंबईच्या गच्चीवर ती फळावर यावयाची नाहीं.